गुप्तचर अधिकारी गेला की आपल्याकडे फक्त त्याचे छंद उरतात

गुप्तचर खात्यात आयुष्य काढलेला माणूस वारला की त्याच्याबद्दल बोलायचं काय हा सगळ्यांनाच प्रश्न पडतो, आणि मग लोक त्याच्या छंदांवर बोलतात. पेटी छान वाजवायचे, पक्षी ओळखायचे, स्टँप जमवायचे, झाडांची भारी आवड. नोकरीबद्दल एकच वाक्य येतं, "केंद्र सरकारच्या सेवेत मोठ्या हुद्द्यावर होते", आणि ते उरकून बोलणारा लगेच पुन्हा पेटीवर येतो. तीस-पस्तीस वर्षांची नोकरी एका वाक्यात संपते. मला हे पटत नाही, आणि दोष बोलणाऱ्यांचा आहे असंही नाही, कारण त्यांना माहीतच नसतं, घरच्यांनाही नसतं. पण हे असंच चालायचं असं आपण जे धरून बसलोय ते सोडायला हवं, आणि त्यासाठी एक नियम आणि एक जुनी सरकारी सवय बदलायला हवी, एवढंच या लेखात म्हणायचंय.

फोंडा तालुक्यात आमच्या ओळखीचे एक निवृत्त अधिकारी होते, आम्ही सगळे त्यांना भाई म्हणायचो. नाव सांगत नाही, त्यांनाही आवडलं नसतं. नोकरीतली बरीच वर्षं ईशान्येत गेली एवढं वाड्यावर सगळ्यांना माहीत होतं, त्यापलीकडे काही नाही. निवृत्त होऊन गावात आले आणि मग माणूस चारी बाजूंनी फुललाच म्हणायचा. देवळाच्या जत्रेत नाटक असलं की पेटीला भाई. चतुर्थीला त्यांच्या घरची माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेली रानफळांची आरास, बघायला शेजारच्या वाड्यांवरून लोक यायचे, कारण नारळ, सुपारीची शिपटं, तोरिंग, आंबाडे हे सगळ्यांकडेच असतं, पण भाई आठवडाभर आधी रानात जाऊन अशी अशी फळं आणि शेंगा आणायचे की म्हाताऱ्या बायकासुद्धा थांबून विचारायच्या, हे रे काय बाबा, आणि मग ते प्रत्येकाचं नाव, औषधी गुण, कुठल्या डोंगरावर सापडलं ते सगळं सांगायचे. पोर्तुगीज इंडियाचे स्टँप त्यांच्याकडे होते, १८७१ पासूनचे काही, आणि १९५९ मध्ये रुपिया-टांगा हे चलन जाऊन एस्कुदो आला तेव्हा जुन्याच स्टँपांवर नवी किंमत छापून चालवले ते तर त्यांचे खास लाडके. पोरांना समोर बसवून विचारायचे, सरकारनं नवे न छापता जुन्यावरच शिक्का का मारला असेल, सांगा. उत्तर आलं की पुढचा प्रश्न. आणि करमळीच्या तळ्यावर पहाटे दुर्बीण घेऊन तासन् तास बसणं, ते तर होतंच.

ही शोकसभा-छाप यादी मीच आता तुमच्यासमोर ठेवली, कारण माझ्याकडेही दुसरं काही नाही. पण नीट बघितलं तर या प्रत्येक छंदात त्यांची नोकरी दिसत होती. न हलता बघत राहणं, तारीख-वेळ-जागा लिहून ठेवणं, एका कागदावरच्या शिक्क्यावरून त्यामागचा निर्णय काय असेल ते शोधणं, अनोळखी म्हातारीला बोलतं करून अमुक झाड कुठल्या वळणावर आहे ते काढून घेणं. ही सगळी त्या कामाचीच कौशल्यं. आपण त्यांना "बहुआयामी व्यक्तिमत्त्व" म्हणून मोकळे होतो आणि ज्या कामानं तो माणूस घडला ते काम कोऱ्या पानासारखं सोडून देतो.

आता नियमाचं बघू. ३१ मे २०२१ ला केंद्र सरकारनं पेन्शनच्या नियमात दुरुस्ती केली. माहिती अधिकार कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात ज्या गुप्तचर आणि सुरक्षा संस्था आहेत, म्हणजे देशातली गुप्तवार्ता बघणारी आयबी, देशाबाहेरची बघणारी रॉ वगैरे, त्यातून निवृत्त झालेल्या माणसाला आपल्या संस्थेच्या कामाच्या क्षेत्राशी संबंधित काहीही छापायचं असेल तर संस्थेच्या प्रमुखाची आधी परवानगी लागेल. नुसती गोपनीय माहिती नाही हां, तिथल्या माणसाचा हुद्द्यासह उल्लेख, आणि तिथं काम करून मिळालेलं ज्ञान किंवा तज्ज्ञता, हेसुद्धा त्यात आलं. तसं लेखी हमीपत्र द्यायचं, आणि मोडलं तर पेन्शनवर गदा. याआधी २००८ पासूनही बंधन होतंच, पण ते संवेदनशील माहितीपुरतं होतं, आता ते अख्ख्या विषयावर आलं. ज्यानं आयुष्यभर ईशान्येचा अभ्यास केला त्यानं ईशान्येवर साधा लेख लिहायचा तरी परवानगी. वर १९२३ चा ऑफिशियल सिक्रेट्स अॅक्ट आहेच, इंग्रजांनी केलेला. मेजर जनरल व्ही. के. सिंग यांनी रॉमधल्या अनुभवावर २००७ मध्ये पुस्तक काढलं तर त्यांच्या घरी सीबीआय गेली आणि याच कायद्याखाली केस झाली. आपल्या भाईंसारख्या पेन्शनवर जगणाऱ्या माणसानं हे बघून काय करायचं? पेटी वाजवायची.

गंमत नाही, खरंच विचार करण्यासारखी गोष्ट पुढं आहे. या दुरुस्तीनंतर दोन आठवडेसुद्धा झाले नव्हते, १२ जून २०२१ ला संरक्षण मंत्रालयानं युद्ध-इतिहासाचं धोरण जाहीर केलं. युद्धं आणि लष्करी मोहिमांचे कागद साधारण २५ वर्षांत मोकळे करायचे, मोहीम संपल्यावर पाच वर्षांत तिचा इतिहास लिहून काढायचा, आणि कारण काय दिलं, तर लोकांना घटनेचं अचूक चित्र मिळावं, अभ्यासकांना खरी सामग्री मिळावी, नुसत्या अफवांना उत्तर मिळावं. कारगिलनंतर के. सुब्रह्मण्यम समितीनं चुकांतून शिकायचं तर स्पष्ट धोरणानं लिहिलेला इतिहास हवा असं सांगितलं होतं, त्याचा हवाला त्यात आहे. म्हणजे लष्कराच्या बाबतीत सरकारला हे सगळं पटलेलं आहे. मग जी माहिती घेऊन लष्कर हललं किंवा हललं नाही, ती माहिती गोळा करणाऱ्यांच्या बाबतीत नेमकी उलटी दिशा का? कारगिलचा इतिहास लिहायचा आणि त्यातून गुप्तवार्तेचा भाग वगळायचा, तर लिहिणार तरी काय.

सरकारची बाजू मी हलकी समजत नाही. हेराला माहिती देणारा माणूस तिथंच राहतो, त्याची मुलंबाळं तिथंच राहतात, अधिकारी निवृत्त होऊन गोव्यात येऊन मासे गरवतो पण ज्यानं त्याला खबर दिली तो अजून त्या गावात आहे. चाळीस वर्षांनंतरही नाव फुटलं तर नातवाला भोगावं लागू शकतं. शिवाय पद्धती असतात, कुठून कसं ऐकलं जातं ते एकदा बाहेर गेलं की तो झरा आटतो. हे दोन्ही मुद्दे शंभर टक्के मान्य. पण यातून निघतं काय, तर नावं झाका, पद्धती झाका, वेळ जाऊ द्या. आयुष्यभराचं सगळंच्या सगळं माणसाबरोबर स्मशानात जाऊ द्या असं यातून निघत नाही.

दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. निवृत्त लोक आठवणी लिहितात तेव्हा स्वतःला मोठं करतात, मग अशा आठवणींचा उपयोग काय? यावर मला भाईंनीच सांगितलेली एक गोष्ट सांगतो, करमळीला बसलेलो असताना सांगितली होती. रिचर्ड माइनर्ट्झहागेन नावाचा ब्रिटिश अधिकारी होता, पहिल्या महायुद्धात पूर्व आफ्रिका आणि पॅलेस्टाईनमध्ये लष्करी गुप्तचर, आणि छंद पक्ष्यांचा, इतका की सलीम अलींबरोबर १९३७ मध्ये अफगाणिस्तानच्या मोहिमेवर होता. शत्रूपुढं खोट्या कागदांची पिशवी मुद्दाम पाडून त्याला फसवल्याची त्याची कथा जगभर गाजली. पक्ष्यांच्या कातड्यांचा त्याचा प्रचंड संग्रह ब्रिटिश म्युझियमला मिळाला. तो १९६७ मध्ये वारला, मोठा माणूस म्हणूनच वारला. आणि मग १९९० नंतर संशोधकांनी त्या संग्रहाचे एकेक नग तपासले तेव्हा कळलं की त्यातले कितीतरी त्यानं म्युझियममधूनच चोरले होते, पुन्हा नव्यानं भरले होते आणि खोट्या जागा-तारखांची लेबलं लावली होती. पिशवीच्या कथेचंही श्रेय त्याचं नव्हतं असं पुढं अभ्यासकांनी दाखवलं.

यातला आपल्या जवळचा भाग म्हणजे रानपिंगळा, एक छोटं घुबड. १८८४ नंतर हा पक्षी कुणाला दिसला नव्हता, एक नोंद सोडून, ती याच माणसाची, गुजरातेतल्या तापीकाठच्या मांडवीची, १९१४ ची. लोक त्या नोंदीवर विसंबून शोधत राहिले. पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी तो नग खोटा आहे, मूळचा जेम्स डेव्हिडसनने १८८० च्या दशकात गोळा केलेला आहे हे सिद्ध केलं, मग खोटी नोंद बाजूला काढून खऱ्या जुन्या जागांवर शोध घेतला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये महाराष्ट्रात शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत सापडला. ११३ वर्षांनी! भाई हे सांगताना एकदम उत्साहात यायचे, आणि मग म्हणायचे, बघ, कपाटं उघडली म्हणून खोटं पकडलं गेलं आणि खरं सापडलं.

माझंही म्हणणं नेमकं तेच. आठवणीत फुगवाफुगवी असते म्हणून आठवणी बंद करणं हा उपाय होऊ शकत नाही, तपासायला दुसरा कागद आणि दुसऱ्याची साक्ष समोर ठेवणं हा उपाय आहे. आज आपल्याकडे काय होतं, तर ज्याला प्रसिद्धीची हौस आहे, ज्याच्या ओळखी दिल्लीत वरपर्यंत आहेत, तो परवानगी काढून किंवा धोका पत्करून लिहितो, टीव्हीवर बसतो, आणि त्याचंच म्हणणं इतिहास होऊन बसतं. ज्यांनी शिस्त पाळली, तोंड मिटून ठेवलं, ते भाईंसारखे लोक मात्र कुठंच नाहीत. नियम पाळणाऱ्याचीच साक्ष नाहीशी होते, ही या व्यवस्थेची सगळ्यात वाईट बाजू मला वाटते.

आणि मराठी माणसाला तर हे लगेच कळायला हवं. बहिर्जी नाईक म्हटलं की आपल्या अंगावर काटा येतो, पण त्यांच्याबद्दल पक्कं म्हणावं असं आपल्या हातात किती आहे? सभासद बखरीत सुरतेच्या संदर्भात बहिर्जी जाधव नाईकाचा उल्लेख येतो, अशा मोजक्या ओळी, बाकी वेषांतरं, किस्से, नाटकं हे सगळं नंतरच्या लोकांनी प्रेमानं रचलेलं. स्वराज्याच्या हेरखात्याचं काम कसं चालायचं, माणसं कशी निवडायचे, पैसे कसे पोचायचे, एवढ्या मोठ्या विषयावर आपण दंतकथेवर भागवतो. तेव्हा लिहून ठेवणं शक्य नव्हतं हे समजू शकतो. आज शक्य असताना न ठेवणं हे मात्र आपण होऊन करतोय.

त्याच काळातली उलट बाजू इथं पणजीत आहे. गोव्याचं अभिलेखागार १५९५ चं, दियोगु दु कौतु हा त्याचा पहिला रखवालदार. व्हाइसरॉय आणि लिस्बन यांच्यातला पत्रव्यवहार, आजूबाजूच्या राजांकडं पाठवलेले वकील, दुभाषे, खबरे यांची पत्रं, हे सगळं वाळवी आणि पावसातून जेवढं वाचलं तेवढं तिथं आहे. आपल्या पिसुर्ल्याच्या पांडुरंग पिसुर्लेकरांनी ते कागद आयुष्यभर वाचले म्हणून पोर्तुगीज आणि मराठे यांच्या संबंधांचं एवढं बारीक चित्र आज मराठीत आहे, आणि पोर्तुगिजांसाठी काम करणाऱ्या हिंदू, मुसलमान, पारशी, ज्यू मध्यस्थांवर तर त्यांनी वेगळा ग्रंथच केला. तीनशे वर्षांपूर्वी कोण कुणाच्या दरबारात काय ऐकून आला हे आपल्याला कळतं, आणि साठ-सत्तर वर्षांपूर्वीचं कळत नाही.

साठ-सत्तर वर्षांपूर्वीचं म्हणजे गोव्याच्या मुक्तिलढ्याचं म्हणतोय मी. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या पीआयडीई या गुप्त पोलिसांनी आणि इथल्या कुप्रसिद्ध एजंट मोंतेरोसारख्यांनी लोकांना काय काय भोगायला लावलं ते आपल्या घराघरात माहीत आहे. हाच कासिमिरो मोंतेरो पुढं १९६५ मध्ये सालाझारचे विरोधक जनरल उंबेर्तु देलगादु यांच्या खुनात निघाला. आग्वादच्या तुरुंगात किती जणांना कोंडलं, स्वातंत्र्यसैनिक मोहन रानडे तर गोवा मुक्त झाल्यावरही १९६९ पर्यंत पोर्तुगालच्या तुरुंगात. आता बघा, पोर्तुगालमध्ये १९७४ ला हुकूमशाही गेली आणि १९९४ मध्ये त्या गुप्त पोलिसांचं दफ्तर लिस्बनच्या तोर्रे दु तोंबु अभिलेखागारात अभ्यासकांना खुलं झालं. म्हणजे ज्यांनी आमच्या माणसांवर पाळत ठेवली त्यांच्या फायली बघायला मिळतात. आणि ज्यांनी आमच्या बाजूनं सीमेपलीकडून माहिती गोळा केली, १९५५ च्या सत्याग्रहाच्या आधी, गोवा मुक्त करणाऱ्या १९६१ च्या ऑपरेशन विजय या लष्करी मोहिमेच्या आधी, त्या भारतीय खात्याच्या फायली? माहिती अधिकारातून आयबीला सूट, भ्रष्टाचार आणि मानवी हक्क एवढे अपवाद सोडून. १९९३ चा सार्वजनिक अभिलेख कायदा आहे, पण गोपनीय शिक्का कधी उठवायचा ते ज्याच्याकडे कागद तोच ठरवतो. १९६१ मधल्या पोर्तुगीज चौक्यांची माहिती आज उघड झाली तर कुठल्या देशाच्या सुरक्षेला धोका आहे, कुणीतरी समजावून सांगावं.

स्वातंत्र्यसैनिकांच्या आठवणी तरी नोंदल्या गेल्या. आंबोलीच्या आणि नंतर कॅसलरॉकच्या रानातून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी १९५५ ते १९६१ गुप्त रेडिओ चालवला, ती कहाणी आज मुलांना माहीत आहे कारण लिबियाबाई शंभरी गाठेपर्यंत सांगत राहिल्या, २०२५ मध्ये त्यांना पद्मश्रीही मिळाली. सांगायला मनाई नव्हती म्हणून हे झालं.

दुसरे देश काय करतात ते बघून घ्यायला हरकत नाही, अगदी जसंच्या तसं उचलायचं नसलं तरी. ब्रिटनच्या एमआय-५ या देशांतर्गत गुप्तचर संस्थेनं शंभरी भरली तेव्हा २००९ मध्ये क्रिस्टोफर अँड्र्यू या केंब्रिजच्या इतिहासकाराला आत फायली दाखवून इतिहास लिहायला लावला, परदेशातली हेरगिरी बघणाऱ्या एमआय-६ नं पुढच्या वर्षी १९४९ पर्यंतचा इतिहास असाच काढला. अमेरिकेची सीआयए स्वतःच्या निवृत्तांच्या मुलाखती घेऊन ठेवते, आणि पुस्तक लिहायचं तर छाननी करणारं मंडळ आहे, नकार आला तर दाद मागता येते. ही काही आदर्श राज्यं नाहीत, त्यांनी झाकायचं ते झाकलंच आहे. पण अधिकाऱ्याचा अनुभव ही संस्थेची ठेव आहे एवढं त्यांना कळलंय. आमची आयबी १८८७ पासूनची, त्यांच्यापेक्षा जुनी.

आणि आपल्याकडेच एक उदाहरण आहे. रॉचे संस्थापक आर. एन. काव, १९६८ ते १९७७, बांगलादेश आणि सिक्कीम दोन्ही ज्यांच्या काळात झालं, इतका लाजाळू माणूस की फोटोसुद्धा मोजके. त्यांनाही छंद होता, शिल्पकलेचा, घोडे घडवायचे, आणि लोक त्यांच्याबद्दलही हेच आवडीनं सांगतात. पण २००२ मध्ये जाण्यापूर्वी त्यांनी आठवणी सांगून ठेवल्या आणि कागद दिल्लीच्या नेहरू मेमोरियलकडे दिले, काही भाग अमुक वर्षांनंतरच उघडायचा अशा अटीवर. म्हणजे ज्या माणसानं खातं उभं केलं त्यालाच हा मार्ग योग्य वाटला होता. मग खालच्या हुद्द्यावरच्यांना तो का नको? प्रमुखाला सगळं कागदावर दिसतं, पण चौकीवर बसलेल्याला काय दिसलं ते फक्त त्यालाच माहीत.

मला हवंय ते फार अवघड नाही. निवृत्तीनंतर दोन-तीन वर्षांत, स्मरण ताजं असताना, इच्छा असेल त्या अधिकाऱ्याची सविस्तर मुलाखत व्हावी, खात्यातला एक आणि बाहेरचा शपथबद्ध इतिहासकार एक, अशा दोघांनी घ्यावी, मुलाखत राष्ट्रीय अभिलेखागारात सीलबंद जावी, आणि ती कधी उघडायची ते विषयानुसार आधीच लिहून ठेवावं, पंचवीस, चाळीस, काही बाबतीत साठ वर्षं. खबऱ्यांची नावं वेगळ्या सूचीत, ती कधीच उघडायची नाही. पेन्शनच्या नियमात एक वाक्य घालावं की अशी नोंद म्हणजे प्रकाशन नव्हे. आणि पुस्तकाला परवानगी नाकारली तर कारण लेखी द्यावं आणि दाद मागायला जागा असावी, कारण आज ज्याच्या कारभारावर लिहायचंय त्याच्याच खुर्चीकडे परवानगी मागायची, हे न्यायाचं नाही. आयबी आणि रॉ दोन्ही संसदेच्या स्वतंत्र कायद्यानं बनलेल्या नाहीत, त्यांच्यावर संसदेची समिती नाही, खासदार मनीष तिवारींनी २०११ मध्ये लोकसभेत खासगी विधेयक आणलं होतं ते तसंच राहिलं. निदान इतिहासाच्या मार्गानं तरी थोडी जबाबदारी यावी.

गोव्यापुरतं बोलायचं तर घाई आहे. १९६१ ला जो पंचविशीत होता तो आज नव्वदीच्या आसपास आहे. त्या काळात सीमेवर वायरलेस ऐकणारे, बेळगाव-सावंतवाडीकडून माणसं आत-बाहेर नेणारे, मुक्तीनंतर इथं आलेले पोलीस आणि गुप्तवार्ता कर्मचारी, यातले जे अजून आहेत त्यांच्याकडे जायला आता वर्षं हातात नाहीत. पणजीत अभिलेखागार आहे, ताळगाव पठारावर विद्यापीठाचा इतिहास विभाग आहे, कोंकणी आणि मराठी दोन्हीत मुलाखत घेऊ शकणारी मुलं आहेत. राज्य सरकारनं केंद्रीय गृहखात्याकडे फक्त १९६३ पूर्वीच्या गोव्यापुरती लेखी परवानगी मागावी, म्हणजे नकार द्यायलाही त्यांना कारण शोधावं लागेल. मी अभिलेखागाराला आणि आमच्या आमदारांना या मागणीचं पत्र पाठवतोय, ज्यांच्या घरात असं कुणी आहे त्यांनीही पाठवावं, आणि घरातल्या डायऱ्या, बदलीचे आदेश, फोटो रद्दीत घालू नयेत. त्यावर तारीख आणि गावाचं नाव पेन्सिलीनं लिहून ठेवलं तरी पुढच्या माणसाचं निम्मं काम होतं.